पाठीवरचा पांढरा आठ : धोबी तलावच्या पोटमाळ्यावरचं नाव-नंबरचं काम

जर्सीवर नाव-नंबर टाकून देणारे मुंबईत पायलीचे पन्नास आहेत. फॅशन स्ट्रीटला तर चहा संपायच्या आत काम होतं. मी लिहितेय ते धोबी तलावच्या एका काकांबद्दल. मेट्रो सिनेमापासून चालत चार-पाच मिनिटांवर, खेळाच्या सामानाची दुकानं ओळीनं लागतात त्या भागात एक जुनी इमारत आहे. खाली ट्रॉफ्या आणि शिल्डचं दुकान, त्याच्या कडेनं लाकडी जिना वर पोटमाळ्यावर जातो. पाटी नाही, कार्ड नाही. शेवटच्या पायरीशी डोकं सांभाळा, तिथे तुळई खाली आलेली आहे.

आधी काम काय होतं ते सांगते, म्हणजे मी एवढं का लिहितेय ते कळेल.

माझ्या भावाला या वर्षी चाळीस पूर्ण झाली. वरळी कोळीवाड्यात त्याला खऱ्या नावानं फारसं कुणी हाक मारत नाही. तो गट्टू. नव्या माणसांना वाटतं, अंगानं बुटका आणि रुंद आहे, फुटपाथवर बसवतात त्या गट्टूसारखा, म्हणून. पण ते नाव पडलं गट्टूसोवरून. जेनारो गट्टूसो, इटलीतल्या एसी मिलान या फुटबॉल क्लबचा आठ नंबर. 1999 ते 2012 अशी तेरा वर्षं तो मिलानला होता, 468 सामने खेळला, आणि गोल म्हणाल तर अगदीच मोजके. दादा आमच्या टीमच्या मिडफिल्डला तेच काम करायचा. समोरच्याच्या पायातून बॉल काढायचा, दोन पावलांवर ज्याला खेळता येतं त्याच्याकडे द्यायचा आणि पुन्हा पळायचं. पावसाळी लीगमध्ये चिखलात मॅच असली की घरी येईपर्यंत तो डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचा झालेला असे.

त्या काळात आमच्या घरी मिलानची मॅच म्हणजे आवाज बंद करून बघायची गोष्ट होती. आई मासळी विकते. पहाटे तीनला उठून धक्क्यावर जायचं असल्यामुळे दहाला तिची झोप लागलीच पाहिजे. टीव्हीसमोर दादा आणि मी जमिनीवर, मागे आई पाठ करून झोपलेली. 2 मे 2007 ची चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल आपल्याकडे सव्वाबाराला, म्हणजे 3 तारीख उजाडल्यावर सुरू झाली. सेमीफायनल दोन सामन्यांची, त्यातला पहिला मँचेस्टर युनायटेडनं 3-2 नं जिंकलेला. आमच्याकडे मे महिन्याचा घाम आणि तिकडे मिलानच्या सान सिरो मैदानावर धो धो पाऊस. मिलानच्या काका (हा ब्राझीलचा खेळाडू, धोबी तलावचे काका नव्हेत) आणि सीडॉर्फनं पहिल्या अर्ध्या तासातच एकेक गोल मारला, शेवटी जिलार्डिनोचा तिसरा. 3-0. पण दादानं त्या रात्री गोलकडे फारसं बघितलंच नाही. तो बघत होता रोनाल्डोकडे बॉल गेला की काय होतं ते. बॉल यायचा, रोनाल्डो अंग वळवायचा आणि तोवर गट्टूसो तिथे हजर. कधी बॉल काढायचा, कधी नुसताच मध्ये उभा राहायचा, की पुढे जायला फट नाही. दादा गुडघ्यावर मूठ आपटत होता, आवाज न करता. एकदा मात्र त्याच्या तोंडून हुंकार निघालाच आणि आई उठून बसली.

मी तिला हळूच सांगितलं, हा बघ, हा दाढीवाला, हा समुद्राकाठच्या गावातला आहे. इटलीच्या टाचेच्या आणि चवड्याच्या मधल्या खोलगट भागात, कालाब्रियात त्याचं गाव, स्कियावोनेआ, मासेमारीचं. (मिलानजवळ गॅलाराते म्हणून गाव आहे, तिथे पुढे त्यानं मासळीचं दुकानही काढलं.) आईनं डोळे बारीक करून टीव्हीकडे बघितलं. तो नेमका त्या वेळी पंचांशी हातवारे करून भांडत होता. ती म्हणाली, “यो तं आपल्यातलाच गो!” आणि उरलेली मॅच तिनं बसून बघितली. पहाटे तशीच धक्क्यावर गेली.

तर जर्सी द्यायची ती त्या रात्रीचीच, लाल-काळ्या उभ्या पट्ट्यांची, 2006-07 च्या धर्तीची. दादाकडे कधीच मिलानची जर्सी नव्हती. त्या वयात पैसे नव्हते आणि नंतर राहूनच गेलं.

मी आधी ऑनलाइन मागवली. रेट्रो जर्सी, नाव-नंबरासकट. कुणाकडून ते लिहीत नाही. पाकीट उघडलं आणि पाठ बघितली तर ‘टी’ एक आणि ‘एस’ दोन. पाहिजे बरोबर उलटं. शिवाय पांढरा आठ पांढरा नव्हताच, कडेकडेनं गुलाबी झालेला. फोन केला तर उत्तर एकच, नाव टाकलेला माल परत होत नाही. वाढदिवसाला नऊ दिवस राहिलेले. मी ती जर्सी मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. दुसऱ्या कुणाचं नाव चुकलं असतं तर चाललंही असतं, पण हे नाव चाळीस वर्षांच्या माझ्या भावाला हाक मारायचं नाव आहे.

ऑफिसातल्या एकानं काकांचा पत्ता दिला. त्याची कॉर्पोरेट क्रिकेटची टीम तिथून कपडे करून घेते.

काका साठीच्या पुढचे असतील. अंगात बनियन आणि वर सुती शर्ट उघडा, कारण अक्षरं कापडावर तापवून दाबायची हीट प्रेस चालू असली की पोटमाळ्यावर भट्टी होते. त्यांनी जर्सी हातात घेतली, नाव वाचलं नाही. आधी उलटी करून आतली बाजू बघितली, मग अक्षराच्या कडेवर नखानं हलकंसं घासलं. म्हणाले, “ताई, यानं जास्त तापवलंय. लाल पॉलिएस्टर आहे. तापलं की कापडाचा रंग सुटतो आणि वरच्या पांढऱ्यात चढतो. आज थोडा गुलाबी आहे, महिन्यानं आणखी होईल.” मग मला व्हिनाइलचे, म्हणजे ज्यातून अक्षरं कापतात त्या पातळ प्लॅस्टिकचे, दोन रोल दाखवले. साधा पांढरा व्हिनाइल दोन्हीकडून पांढरा असतो. दुसऱ्याच्या पाठीला करडा थर असतो, तो खालचा रंग अडवून धरतो आणि कमी उष्णतेवर चिकटतो. साधा दीडशेच्या वर तापवावा लागतो, हा एकशेतीसला बसतो. सगळा फरक त्या करड्या थराचा, आणि तो नंतर कुणालाच दिसत नाही.

त्यांनी मला सरळ सांगितलं की जुनी अक्षरं काढता येतील, पण कापडावर सावली राहील. कोरी जर्सी आणलीत तर काम स्वच्छ होईल. कोरी घ्यायला वेळ नव्हता असं नाही, पण तसलं कापड आणि तसले पट्टे दुसरीकडे दिसेनात, म्हणून मी हीच करा म्हटलं. “मग अक्षर थोडं मोठं घेऊ, सावली झाकायला,” ते म्हणाले. त्यांनी कागद पुढे केला आणि स्पेलिंग मला माझ्या हातानं लिहायला लावलं, खाली सही. हा त्यांचा नियम आहे, शाळेच्या मुलापासून सगळ्यांना. दुसरा नियम असा की कुठल्याही कंपनीचा लोगो ते छापत नाहीत. माझ्यासमोर एका मुलानं बराच हट्ट धरला, त्यांनी त्याला नाव-नंबर टाकून दिला आणि लोगोचं नाही ते नाहीच.

दोन दिवसांनी बोलावलं. गेले तेव्हा काम माझ्यासमोरच केलं आणि इथे मला तुम्हाला जरा थांबवायचंय.

जुनी अक्षरं काढायला त्यांनी जर्सी उलटी केली, आतून वाफेची इस्त्री फिरवली आणि चिमट्यानं एका अक्षराचा कोपरा धरला. ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. गोंद मऊ झाला की अक्षर आपोआप सुटायला लागतं, मग ते कापडाला जवळजवळ समांतर मागे घ्यायचं. वर खेचलं तर कापडाचे धागे येतात. सगळं काढून, उरलेला चिकटा पुसून झाल्यावर जर्सीची घडी उभी घातली, दोन्ही खांद्यांच्या शिवणी एकावर एक, आणि मधल्या घडीवर इस्त्रीचं टोक टेकवलं. ती झाली मध्यरेषा. नावात सात अक्षरं, मधलं चौथं म्हणजे दुसरा ‘टी’. त्या ‘टी’चा उभा दांडा बरोबर त्या रेषेवर ठेवला, मग बाकीची डावी-उजवी. पट्टी लावून गळ्यापासूनचं अंतर मोजलं. ‘ए’ आणि ‘टी’च्या मधली फट पट्टीप्रमाणे सारखी होती, पण डोळ्याला मोठी दिसत होती. ती त्यांनी नखभर कमी केली. मग प्रेस लावायच्या आधी नुसती जर्सी काही सेकंद दाबून घेतली. पावसाळी हवेत कापडात ओल असते, ती आधी काढली नाही तर खाली बुडबुडे राहतात. वर टेफ्लॉनचा कागद, प्रेस खाली, भोंगा वाजला, वर. आणि लगेच वरची फिल्म काढली नाही. पंखा बंद करून निवू दिली. मी विचारलं पंखा का बंद, तर म्हणाले एका बाजूनं आधी गार झालं की कड वळते.

आठाची आतली दोन भोकं त्यांची सून सुईनं साफ करते. तिथे व्हिनाइलचा कपटासुद्धा राहिला तर लाल पट्टीवर पांढरं दिसतं. तिनं ती जर्सी खिडकीशी नेऊन तिरकी धरून बघितली, परत आणली, परत सुई लावली.

हे सगळं चालू असताना पोटमाळ्यावर मी एकटी नव्हते. मुलीच्या शाळेच्या टीमचे कपडे न्यायला आलेले एक गृहस्थ होते, बँकेत नोकरीला. त्यांनी टेबलावरचं नाव वाचलं आणि म्हणाले, “मी युनायटेडवाला. या माणसानं माझी एक रात्र वाया घालवलीय.” तीच रात्र, तोच पाऊस! ते तेव्हा परळला राहायचे, शेजारपाजारचे सगळे युनायटेडचे, जमून बघत होते. म्हणाले, दुसऱ्या दिवशी कुणी गोल मारणाऱ्या काकाला शिव्या दिल्या नाहीत, सगळ्यांच्या तोंडी हा गट्टूसोच. आणि पुढे म्हणाले की आपल्याकडे असा एक असता तर, असं तेव्हाच वाटलं होतं. समोरच्या टीमचा माणूस वीस वर्षं होत आली तरी असं बोलतो, ते ऐकून मला दादाला फोन लावावासा वाटला. पण भेट गुपित होती.

कॉलेजच्या एका मुलाला गट्टूसो माहीत होता तो कोच म्हणून. नापोलीनं 2020 मध्ये कोपा इटालिया जिंकला तेव्हा बाकावर उभा राहून ओरडणारा. तो खेळायचाही, हे त्याला ऐकून होतं, बघितलेलं नव्हतं. बँकवाल्यांनी त्याला 2006 ची इटली-फ्रान्स वर्ल्डकप फायनल सांगायला घेतली आणि मग मी मध्ये पडलेच. कारण ती रात्र आमच्या वाड्यात झाली तशी कुठेच झाली नसेल. 9 जुलै, मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली. म्हणजे सगळे पुरुष घरी आणि पहाटे कुणालाच उठायचं नाही. साडेअकराला मॅच. बाहेर पाऊस, ताडपत्रीखाली टीव्ही, साठ-सत्तर माणसं. झिदानला लाल कार्ड मिळालं तेव्हा गलका झाला, पेनल्टीला इटलीनं 5-3 नं जिंकलं तेव्हा झाला, पण आमच्या बायका सर्वांत जास्त कशाला हसल्या असतील तर गट्टूसो आनंदानं पॅन्ट काढून नुसत्या चड्डीवर मैदानभर धावत सुटला त्याला. तेव्हापासून दादा गट्टू झाला, त्या रात्रीपासून. दोनच दिवसांनी मंगळवारी संध्याकाळी लोकलमध्ये स्फोट झाले, आणि तो आठवडा आमच्या आठवणीत त्या दोन्ही गोष्टींचा आहे.

खाली ट्रॉफीच्या दुकानात येऊन बसणारे एक आजोबा वर आले होते. कुठल्याशा मिलच्या टीमकडून कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर खेळलेले. गट्टूसो त्यांना ठाऊक नव्हता. आम्ही तिघं एकदम सांगायला लागलो, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे हाफबॅक. काढायचा आणि ज्याला येतं त्याला द्यायचा. तो दुसरा कोण होता मग, ज्याला द्यायचा?” पिर्लो, आम्ही म्हटलं. “हां, मग बरोबर. दोघांनी एकमेकांचं आयुष्य सोपं केलं.”

इथे माझं एक मत सांगते, कारण ही गोष्ट त्या दिवशीही निघाली. 2008 च्या डिसेंबरात काटानियाविरुद्ध गट्टूसोच्या गुडघ्याचा लिगामेंट मॅचच्या सुरुवातीलाच फाटला आणि तो तसाच शेवटपर्यंत खेळला. चाहते हे छाती फुगवून सांगतात. दादासुद्धा सांगायचा, आणि पुढे एका पावसाळी मॅचमध्ये गुडघ्यात कट्‌ आवाज झाल्यावर तोही वीस मिनिटं तसाच खेळला. आज होडीतून उतरताना तो आधी डावा पाय टाकतो, मग हातानं काठ धरतो, मग उजवा. मला त्या काटानियाच्या मॅचचं कौतुक करवत नाही. तसंच 2011 मध्ये टॉटेनहॅमच्या कोचांपैकी एक असलेल्या जो जॉर्डनला त्यानं डोकं मारलं आणि बंदी घेतली, तेही चुकलंच. मला तो आवडतो तो 2011-12 चा. सप्टेंबरात लाझिओच्या मॅचमध्ये त्याला एकाचे दोन दिसायला लागले. डोळ्याच्या स्नायूंचा आजार निघाला, मायस्थेनिया. कित्येक महिने बाहेर बसला आणि त्याच मोसमात परत येऊन खेळला. या वेळी थांबला, उपचार घेतले, आणि मग आला. दादाला मी हे दहा वेळा ऐकवलंय.

आता कामाचा हिशोब. जुनं काढणं आणि नवं नाव-नंबर मिळून साडेचारशे रुपये झाले. फॅशन स्ट्रीटपेक्षा महाग आहे. रोख किंवा यूपीआय, पावती मागितली तर वहीतलं पान मिळतं. तातडीचं काम ते घेत नाहीत, गोड बोलून परत पाठवतात, तेव्हा उद्या मॅच आणि आज जर्सी असं करून जाऊ नका. बसायला एकच स्टूल आहे. उकाडा भयंकर. आणि सावलीचं त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. सकाळच्या तिरप्या उन्हात शेवटच्या ‘ओ’च्या कडेशी जुन्या अक्षराची पुसट रेघ दिसते. ती माझ्या आधीच्या खरेदीची चूक, त्यांच्या कामाची नाही.

वाढदिवसाला दादानं जर्सी उलगडली, पाठ बघितली, दोन्ही ‘टी’वरून बोट फिरवलं आणि काही न बोलता घालून आला. पोटावर जरा घट्ट होते. आईनं ओळखलं, “त्या पावसाचा गो हा,” म्हणाली.

त्याला आता साडेतीन महिने झाले. दादा आठवड्यातून दोन संध्याकाळी वाड्यातल्या पोरांना शिकवतो, तेव्हा हीच अंगात असते. खारी हवा, घाम, वाळू. पंधरावीस धुण्यांनंतर एकाही अक्षराची कड सुटलेली नाही आणि आठ अजून पांढराच आहे. काकांनी सांगितलेलं पाळा म्हणजे झालं. उलटी करून गार पाण्यात धुवायची, ब्रश नाही, सावलीत वाळवायची, अक्षरांवर इस्त्री कधीच नाही. आईनं पहिल्यांदा बोंबील वाळत घालायच्या वलांडीवर भर उन्हात टाकली होती. मी धावत जाऊन काढली.

पुढच्या महिन्यात परत जाणार आहे. पोरांच्या सोळा जर्सी करायच्या आहेत. त्यांना काकांनी व्हिनाइल नको म्हटलंय, पांढऱ्या कापडावर सब्लिमेशन करू, म्हणजे रंगच धाग्यात बसेल आणि सुटायला काही उरणार नाही. त्यात त्यांचा फायदा कमी आहे, तरी तेच सुचवलं. नावांची यादी दादाला त्यांच्या नियमाप्रमाणे हातानं लिहून सही करून द्यायचीय. पंधरा नंबर वाटून झालेत. आठ कुणाला द्यायचा ते त्याचं अजून ठरत नाही. दोन पोरं आहेत डोळ्यासमोर, एक बॉल चांगला काढतो आणि दुसरा काढून झाल्यावर परत पळतो.